किती सीटा वाढतील?

सायरन वाजला तेव्हा गच्चीवर नुकतंच पाणी मारून झालं होतं. 2025 च्या मे महिन्याची 7 तारीख. सीमेपलीकडे हल्ले केल्याची बातमी पहाटेच आली होती आणि संध्याकाळी ग्वाल्हेरमध्ये दिवे घालवून सराव करायचा होता. शहरातल्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरून एरवी महाराज बाड्याच्या चौकाकडचा उजेड दिसतो, तो हळूहळू विझत गेला. कुणाच्या तरी मोबाइलची बत्ती लागली, त्याबरोबर आजूबाजूच्या गच्च्यांवरून एकदम ओरडा झाला, "बंद कर रे!" मग खरोखरच अंधार झाला. तापलेल्या फरशीवर पाणी पडल्याचा वास, खाली कुणाच्या तरी कूलरची घरघर, पोरांची दबलेली खिदळ. आणि त्या अंधारात आमच्या नानांचा आवाज आला. बिहारची निवडणूक वर्षअखेरीला यायची होती. जेवायला काय केलंय विचारावं, तितक्या सहज ते म्हणाले, "मामासाहेब, बिहारात आता किती सीटा वाढतील?"

मामासाहेब क्षणभरही थांबले नाहीत. "पंधरा-वीस कुठे गेल्या नाहीत. पण जास्त वाढतील त्या नितीशच्या, तुमच्या भाजपच्या नाही."

मला राग आला नाही, हेच नंतर बरेच दिवस खुपत राहिलं. उलट मनातल्या मनात मीही आकडेमोड सुरू केली होती. पलीकडच्या गच्चीवर एक बाई उभ्या होत्या. त्यांचा जावई हवाई दलात आहे आणि त्या दिवशी सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. कठड्याला टेकून त्या सगळं ऐकत होत्या. नानांना हे माहीत होतं. दुपारी त्यांच्याकडे जाऊन धीर देऊन आलेले तेच. म्हणजे माणूस निष्ठुर आहे म्हणावं तर तसंही नाही. एकाच माणसाच्या पोटात दुपारची काळजी आणि संध्याकाळचा हिशेब दोन्ही सुखानं नांदत होते, आणि हे मी ग्वाल्हेरमध्ये जन्मापासून पाहत आले आहे.

ग्वाल्हेरला युद्ध फार लांबचं वाटत नाही. 1985 मध्ये मिराज ही लढाऊ विमानं आली, तेव्हापासून महाराजपुऱ्याचा हवाई तळ हेच त्यांचं घर. गोष्ट सांगता सांगता आई थांबायची, विमान डोक्यावरून जाऊ द्यायची आणि पुढचं वाक्य बोलायची. तो थांबा आम्हाला गोष्टीचाच भाग वाटायचा. कारगिलमध्ये टायगर हिलवर लेझरनं नेम धरून बॉम्ब टाकले ते या मिराजनी. 2019 च्या फेब्रुवारीत बालाकोटला गेली तीही हीच. त्या रात्री आपण आवाज ऐकला होता असं आता आमच्या गल्लीतला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. दुसऱ्या दिवशी टीव्ही लागेपर्यंत मात्र एकानंही तसं सांगितल्याचं मला आठवत नाही. घटना घडून गेल्यावर आपण तिथं होतो असं माणसाला मनापासून वाटू लागतं. पुढे सर्वेक्षणाचं सांगणार आहे, तिथे हे लागेल.

आधी नाना आणि मामासाहेब. नाना माझे थोरले चुलते, मामासाहेब आईचे सख्खे भाऊ. एक जनसंघाचे, दुसरे काँग्रेसचे. खरं तर काँग्रेसपेक्षा महालाचे, म्हणजे शिंदे राजघराण्यातल्या माधवरावांचे. 1971 मध्ये अटलजी ग्वाल्हेरमधून निवडून आले तेव्हा नानांनी बादलीभर खळ शिजवून रात्रीतून भिंती रंगवल्या होत्या. देशभर इंदिराबाईंची लाट होती आणि ग्वाल्हेरनं जनसंघाला निवडून दिलं, याचा त्यांना अजून पहिलटकरणीसारखा आनंद आहे. 1984 मध्ये माधवरावांनी शेवटच्या घटकेला ग्वाल्हेरचा अर्ज भरला आणि अटलजी पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी पडले. त्या दिवशी मामासाहेब बहादुराचे लाडू घेऊन नानांच्या दारात आले. अटलजींचे आवडते लाडू, मुद्दाम तेच. नानांनी ते खाल्ले आणि सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. या शहरात महालातली आई, राजमाता विजयाराजे, एका पक्षात आणि मुलगा माधवराव दुसऱ्या, असं वर्षानुवर्षं चाललं. 2020 मध्ये नातू ज्योतिरादित्यही आजीच्या पक्षात, भाजपमध्ये, गेला आणि मामासाहेबांची फार पंचाईत झाली. महाल सोडवेना, भाजप म्हणवेना. आता ते फक्त विरोध करतात. त्यात ते पूर्वीपेक्षा जास्त रमलेत.

दोघांचा युद्धावरचा वाद मी इतक्यांदा ऐकलाय की कुणाची पाळी आहे हे डोळे मिटून सांगेन. नाना म्हणणार, युद्ध चालू असताना सरकारला प्रश्न विचारायचे नसतात. मामासाहेब म्हणणार, "मग 1962 मध्ये तुमच्या अटलजींनी काय केलं?" आणि इथे नाना चष्मा पुसायला घेतात. कारण चीनचं युद्ध ऐन भरात असताना संसदेचं अधिवेशन बोलवा, अशी मागणी घेऊन नेहरूंकडे जाणाऱ्यांत राज्यसभेतले तरुण वाजपेयी पुढे होते. नेहरूंनी ती मान्य केली. 8 नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं आणि सरकारला भर युद्धात चार खडे बोल ऐकून घ्यावे लागले. 1999 मध्ये तेच अटलजी पंतप्रधान, तेही काळजीवाहू, कारण एप्रिलमध्ये एका मतानं सरकार पडलेलं. कारगिल पेटलं, लोकसभा विसर्जित, म्हणून काँग्रेसनं राज्यसभेचं खास अधिवेशन मागितलं. ते काही झालं नाही. घुसखोर शिखरांवर येऊन बसेपर्यंत कुणाला कसं कळलं नाही, हे तपासायला सुब्रह्मण्यम समिती नेमली जुलैच्या शेवटी. तिचा अहवाल संसदेपुढे आला 2000 च्या फेब्रुवारीत. मतं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच पडून गेली होती. इतकं सगळं सांगून झालं की मामासाहेब पाणी पितात. या एका बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे, हे मी नानांना कधी सांगितलेलं नाही.

त्या 1999 मध्ये मी जिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करत होते. जुलैमध्ये गोले का मंदिरच्या चौकात उभी राहून भिंडच्या रस्त्याला लागणारा फुलांनी झाकलेला ट्रक पाहिला होता. कारगिलमध्ये 527 जवान गेले, आणि त्यांची पार्थिवं गावोगाव घरी पोचवली गेली. भिंड-मुरैनाकडच्या लोकांना फौज म्हणजे घरची शेती, पण असं तिरंग्यात गुंडाळून पोर परत येणं आणि ते टीव्हीवर सबंध देशानं पाहणं हे त्यांनाही नवं होतं. घोषणांनी माझा गळा दाटून आला होता. तेवढ्यात शेजारचा एक जण म्हणाला, "पीछे वाली जीप में कौन है, देखो," आणि सगळ्यांच्या माना मागे वळल्या. माझीही. कोणत्या पक्षाच्या किती गाड्या आल्यात याची मोजणी ट्रक नजरेआड व्हायच्या आत सुरू झाली.

सप्टेंबरमध्ये एका संस्थेला मतदारांच्या सर्वेक्षणासाठी विद्यार्थी हवे होते. फॉर्ममागे पैसे मिळत. एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्हाला शिकवलं. घरं आपल्या मनानं निवडायची नाहीत, मतदार यादीतून ठरावीक अंतरानं काढलेली नावंच गाठायची. ज्याचं नाव, त्यानंच उत्तर द्यायचं; सासऱ्यानं सुनेचं किंवा नवऱ्यानं बायकोचं सांगितलेलं चालणार नाही. प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा, मान डोलवायची नाही, "अच्छा!" म्हणायचं नाही. मत कुणाला हे तोंडानं विचारायचंच नाही. त्यासाठी निशाण्या छापलेली चिठ्ठी आणि फट पाडलेला पुठ्ठ्याचा डबा होता. त्या डब्याला आम्ही पेटी म्हणायचो. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलं की कंडक्टर विचारायचा, "मिठाई है क्या?"

मेहगावच्या पुढचं एक गाव होतं. बाजरी उभी, कणसं भरलेली, पावसानं रस्ता अर्धा वाहून गेलेला. यादीतलं पहिलं नाव एका म्हाताऱ्याचं. दारात खाट, खाटेवर तो, बाजूला म्हैस, आणि मी पॅड घेऊन उभी. अर्धं गाव जमलेलं. एकांतात विचारा असं शिकवलेलं सगळं तिथंच गळून पडलं. कारगिलमध्ये सरकारची कामगिरी कशी वाटली, असा प्रश्न होता आणि पुढे पाच पर्याय. म्हाताऱ्यानं आधी जमलेल्या लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पॅड, पेन, शहरी कपडे. मी त्याला सरकारचीच वाटले असणार. सरळ बसून तो म्हणाला, "बहुत अच्छी. लिखो, बहुत अच्छी." त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा फौजेत होता. दोन प्रश्नांनंतर चिठ्ठीची पाळी आली, तेव्हा त्यानं ती लपवलीच नाही. सगळ्यांदेखत बसपच्या हत्तीवर खूण केली आणि डब्यात टाकली. मी बहुधा दचकले असणार, कारण तो हसला. सरकारला "बहुत अच्छी" म्हणणं म्हणजे पुतण्याला शाबासकी देणं, मत ही बिरादरीची आणि गावची बाब. या दोहोंत काही विसंगती आहे हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. फॉर्मवर ती दोन उत्तरं दोन वेगळ्या चौकटींत गेली. त्यांतली एकच दिल्लीत मथळ्यात बसणार हे मला तेव्हाही दिसत होतं.

दुसरं नाव त्याच्या सुनेचं. "यह क्या बताएगी, हमसे पूछ लो," म्हातारा म्हणाला. नियम आहे म्हणून मी हटून बसले. ती चिठ्ठी घेऊन दाराआड गेली. बराच वेळ बाहेर येईना. मग घुंघट तसाच ठेवून फक्त हात बाहेर आला, चिठ्ठी धरलेला, आणि तिनं हळूच विचारलं, "दो जगह लगा दूँ? एक इनकी, एक मेरी?" मी म्हटलं, एकच. ती पुन्हा आत गेली. शेवटी घडी केलेली चिठ्ठी पेटीत पडली. तिनं कोणती खूण ठेवली आणि कोणती सोडली हे मला कळायचं कारण नव्हतं. आजही एखादा विश्लेषक पडद्यावर "महिला मतदार अमक्यांकडे झुकल्या" म्हणतो, तेव्हा मला दाराआडून आलेला तो हिरव्या बांगड्यांचा हात दिसतो.

आमच्यातल्या दोन पोरांनी कडुनिंबाखाली बसून फॉर्म भरले आणि ते पकडले गेले. सुपरवायझरनं पत्ते तपासायच्या आधीच ओळखलं. त्यांच्या गठ्ठ्यात एकही "पता नहीं" नव्हतं. खऱ्या गावात दर पाच-सात माणसांमागे एक तरी असतोच, ज्याला ठाऊक नाही, किंवा सांगायचं नाही, किंवा म्हशीची धार काढायची वेळ झालीय. खोट्या मतदाराचं मात्र प्रत्येक गोष्टीवर ठाम मत होतं, आणि युद्धाच्या प्रश्नावर तर सगळेच्या सगळे पूर्ण समाधानी.

तेव्हापासून मला वाटत आलंय की युद्धाच्या दिवसांत सर्वेक्षणाचा प्रश्न माणसाला परीक्षेसारखा ऐकू येतो. तू आपल्यातला ना, एवढंच त्याला त्यात ऐकू येतं, आणि तो चटकन हो म्हणून मोकळा होतो. त्या होकारात पुतण्या असतो, भीती असते, गावासमोरची इभ्रत असते. पक्षाचा माणूस त्यातून आपल्या नेत्यावरचं प्रेम तेवढं वेचून काढतो. विरोधी पक्षाचा माणूस हे सगळं भाडोत्री आहे म्हणून फेकून देतो. गावात जाऊन आलेल्याला दोघांचंही हसू येतं.

त्या निवडणुकीचा निकाल नानांना मी अधूनमधून ऐकवते. 1998 मध्ये भाजपच्या जागा 182. मध्ये कारगिल. 1999 मध्ये जागा 182. एकही वाढली नाही आणि एकही कमी झाली नाही. मतांची टक्केवारी तर साडेपंचवीसवरून पावणेचोवीसच्या आसपास उतरली. सरकार भक्कम झालं ते मित्रपक्षांच्या जोरावर आणि काँग्रेस 114 वर घसरली म्हणून. ज्या उत्तर प्रदेशातून एवढी मुलं फौजेत जातात तिथं भाजप 57 वरून 29 वर आली. मुख्यमंत्री कल्याणसिंहांचं पक्षातलं भांडण आणि जातींची गणितं टायगर हिलपेक्षा उंच ठरली. नाना म्हणतात, कारगिल नसतं तर 182 सुद्धा आल्या नसत्या. याला उत्तर नाही. न घडलेल्या गोष्टीची मतमोजणी होत नाही, म्हणून तर असे वाद पन्नास वर्षं टिकतात.

बाहेरच्या देशांतही असंच. 1945 च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपनं विचारलं तेव्हा 83 टक्के लोक चर्चिलवर खूश होते. युद्ध जिंकून देणारा माणूस! जुलैच्या 5 तारखेला मतदान झालं, परदेशातल्या सैनिकांची मतं यायची म्हणून मोजणी तीन आठवडे थांबली, आणि 26 तारखेला चर्चिलचा पक्ष हरला. गंमत म्हणजे मत कुणाला देणार असं जेव्हा गॅलपनं सरळ विचारलं, तेव्हा मजूर पक्षच पुढे दिसत होता. आकडे छापूनही आले होते. कुणी मनावर घेतले नाहीत, कारण जाणत्या लोकांना 83 हा आकडा जास्त आवडला होता. थोरल्या बुशना 1991 मध्ये आखाती युद्धानंतर 89 टक्के मिळाले होते. पुढच्याच वर्षी ते घरी गेले.

सैनिकांच्या मतांसाठी मोजणी थांबवली, हे मी वाचलं तेव्हा मला त्या म्हाताऱ्याच्या पुतण्याची आठवण झाली. त्याच्या नावावर सगळे मतं मागत होते, पण त्याचं स्वतःचं मत पोस्टानं यायचं, तेही वेळेत पोचलं तर. घरच्या माणसाकरवी मत टाकायची सोय कायद्यात आली ती 2003 मध्ये. हल्ली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं त्यांच्यापर्यंत जाते, भरलेली मात्र अजून पोस्टानंच परत येते.

नानांवर अन्याय नको. 2019 चा पुरावा त्यांच्या बाजूनं बराच भक्कम आहे. 2018 च्या शेवटी मध्य प्रदेशात काँग्रेसनं विधानसभा जिंकली होती, मामासाहेबांनी पुन्हा लाडू आणले होते. बालाकोट झालं 26 फेब्रुवारीला. प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका, अशी तंबी निवडणूक आयोगानं मार्चमध्ये, तारखा जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी, पक्षांना पुन्हा दिली. तरी सभांमधून विमानं उडतच राहिली. आमच्याकडे मे महिन्यात मतदान झालं. ग्वाल्हेरमधून आमचे मराठी शेजवलकर निवडून आले, 29 पैकी 28 जागा भाजपला, आणि गुण्यातून खुद्द महालच, म्हणजे ज्योतिरादित्य, पडला. मामासाहेबांनी टीव्ही बंद केला आणि त्या दिवशी मीच त्यांच्याकडे जेवायला थांबले. बालाकोटनं झालं की खात्यात आलेल्या पैशांनी, गॅसच्या सिलिंडरनं की समोर दुसरं कुणी दिसतच नव्हतं म्हणून, हे मी वेगळं करून दाखवू शकत नाही. पण काहीच फरक पडला नाही असं म्हणणं हा शुद्ध हट्ट होईल. मामासाहेब तो करतात.

युद्धात राजकारण होतं याचं मला दुःख नाही. लोकशाहीत दुसरं काय होणार? निवडणुकाच नकोत म्हणण्यापेक्षा हे बरं. युक्रेनमध्ये लष्करी कायद्यामुळे 2024 मध्ये अध्यक्षांची मुदत संपूनही मतदान घेता आलं नाही. मला खटकते ती एक ठरावीक चलाखी. प्रश्न विचारणाऱ्याला दटावायचं, की आता राजकारण नको, आणि आवाज खाली आला की शेजाऱ्याला हळूच विचारायचं, किती सीटा वाढतील? उलट बाजूलाही तिचं भावंड आहे. जवानांच्या काळजीनं गळा काढायचा आणि काळजीच्या प्रत्येक वाक्यामागे सरकार पडेल का हे चाचपायचं. नाना निदान दोन्ही वाक्यं एकाच आवाजात बोलतात. त्या अंधारात त्यांनी आवाज खाली आणला नव्हता.

नोव्हेंबरात बिहारचा निकाल लागला. भाजप 74 वरून 89, म्हणजे पंधरा जास्त. नितीशबाबू 43 वरून 85. सकाळी अकराच्या आत दोघांचेही मला फोन आले आणि दोघेही आपलंच खरं झालं म्हणून सांगत होते, आणि आकड्यांपुरतं दोघांचंही खरं होतं. मी म्हटलं, अहो, मतदानाच्या तोंडावर बायकांच्या खात्यात दहा-दहा हजार पडले, पुरुषांपेक्षा बायकांनी जास्त मतदान केलं, त्याचं काय? नाना म्हणाले, "ते पण आहेच." मामासाहेब म्हणाले, "तेच तर मी म्हणतोय." मे महिन्यात तर ते असं काहीच म्हणाले नव्हते.

हल्ली सर्वेक्षणं फोनवर येतात. मागच्या महिन्यात नानांकडे बसले होते तर त्यांचा फोन वाजला, दुसऱ्या टोकाला रेकॉर्ड केलेली बाई. आज चुनाव हुए तो किसे वोट देंगे, अमुक के लिए एक दबाएँ, तमुक के लिए दो. नानांना ऐकू कमी येतं, त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "एक दाब." ज्याचा फोन त्यानंच उत्तर द्यायचं, हा नियम मी त्यांना सांगून पाहिला. मामासाहेब पलीकडून म्हणाले, "दोन दाब, त्याला कुठे दिसतंय!" बाई पर्याय पुन्हा वाचत होती. मी फोन नानांच्या कानाला लावला, बटणं त्यांच्या बोटाखाली धरली आणि मामासाहेबांना म्हटलं, तुम्ही जरा तिकडे तोंड करा. ते बडबडत उठले आणि खिडकीशी गेले. नाना बराच वेळ दाबेनात. मग मला म्हणाले, "तू पण तिकडे बघ."